सही घेतली म्हणून हात झटकता येत नाहीत

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आवरून देते.

"माझी आई ७६ वर्षांची. सहा वर्षांपासून पार्किन्सन. बाबा गेल्यावर, २०२१ साली, तिने राहता फ्लॅट धाकट्या भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला. 'आईला शेवटपर्यंत मीच सांभाळणार' असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. गेल्या वर्षी त्याने तिला शहराबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. महिना २८ हजार. निम्मे मी भरते, निम्मे आईच्या पेन्शनमधून जातात. मी चारशे किलोमीटर लांब राहते. मागच्या महिन्यात न कळवता गेले, तर माकडहाडावर जखम, दोन्ही मनगटांवर वळ आणि डोळ्यांवर दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा. मॅनेजर म्हणाले, 'रात्री उठतात, पडतील म्हणून बांधतो. तुमच्या भावाने संमतीपत्रावर सही केलीय.' मी आवाज चढवल्यावर म्हणाले, 'आईला इथे टाकून मोकळ्या झालात, कायद्याने शिक्षा तुम्हालाच होईल.' आता भेट फक्त रविवारी, ऑफिसात, त्यांच्या माणसासमोर. आईला न्यायचं तर तीन महिन्यांची नोटीस द्या म्हणतात, नाहीतर अनामत जप्त. ओळखीचे एकजण म्हणाले, ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तक्रार करा. आई म्हणते, कुणाला काही बोलू नकोस. मी काय करू?"

ताई,

आधी ती धमकी बाजूला काढू, कारण महिनाभर तुम्ही तिच्यामुळेच गप्प बसलात असं दिसतंय. मॅनेजरने कुठून तरी अर्धं कलम ऐकलेलं आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे, त्याचं कलम २४. ज्याच्याकडे ज्येष्ठाची काळजी आहे त्याने त्यांना पुरतं वाऱ्यावर सोडण्याच्या इराद्याने कुठे नेऊन सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळी भिस्त 'पुरतं सोडण्याच्या इराद्या'वर आहे. जी मुलगी दर महिन्याला पैसे भरते, चारशे किलोमीटरवरून भेटायला येते आणि जखम पाहून भांडते, तिच्यावर हे कलम लागत नाही. उलट आज तुमच्या आईची काळजी प्रत्यक्ष कुणाच्या हातात आहे? त्या संस्थेच्या. उद्या पैसे थकले म्हणून त्यांनी एखाद्या म्हाताऱ्याला फाटकाबाहेर बसवून दार लावून घेतलं, तर हेच कलम त्यांच्या दारात येऊन उभं राहील.

आता आईच्या अंगाकडे वळू. कायदा नंतर.

तिला बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. "न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आहे" एवढं कारण पुरे आहे, आणि पार्किन्सनच्या पेशंटला ते खोटंही नाही. शक्यतो सरकारी रुग्णालयात न्या आणि वळ व जखम या दोन्हींची एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करायला सांगा. 'बेडसोर आहे' एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. जखम कुठे, किती सेंटीमीटर, किती खोल, कोणत्या पायरीची, हे केसपेपरवर लिहून घ्या. बेडसोरच्या चार पायऱ्या धरतात. पहिलीत नुसती लाली असते, बोटाने दाबलं तरी न जाणारी. चौथीत जखम स्नायू-हाडापर्यंत पोचते. पहिल्या पायरीची जखम दोन दिवसांच्या हलगर्जीनेही होऊ शकते. तिसरी-चौथी मात्र सांगते की अंघोळ घालताना, डायपर बदलताना रोज कुणीतरी ती पाहत होतं आणि कुणीच काही केलं नाही. पुढे कुठल्याही टेबलावर तुमचं म्हणणं उभं राहील ते या एका कागदाच्या जोरावर.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसतं हाताला धरून उठवलं तरी काळंनिळं होतं. पार्किन्सनमध्ये माणसं पडतात, उत्तम काळजी घेतली तरी पडतात. अगदी शेवटच्या आजारात चांगल्या देखभालीतही कधी कधी बेडसोर होतो. म्हणून एकेका खुणेवरून 'छळ' म्हणू नका. पण दोन्ही मनगटांवर सारख्या रुंदीचा पट्टा, आणि 'हो, बांधतो' अशी त्यांचीच कबुली, यात शंकेला जागा उरत नाही. आणि जखम झाली हे एकवेळ समजून घेता येतं. ती तुम्हाला कळवली नाही, हे नाही.

संस्थेकडे दोन तक्ते लेखी मागा. एक, कूस बदलल्याचा. जो स्वतः वळू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवायचं हा शुश्रूषेतला जुना, साधा नियम आहे. दुसरा, औषधांचा, वेळेसकट. पार्किन्सनची गोळी आठऐवजी साडेदहाला दिली तर मधले अडीच तास माणूस लाकडासारखा कडक होऊन पडतो. त्याला ना कूस बदलता येते, ना घास नीट गिळता येतो. मग त्याला 'सहकार्य करत नाही' म्हणतात. तक्ता नसेल तर नसल्याचं लिहून द्या म्हणा. देणार नाहीतच, पण तुम्ही मागितल्याचा कागद तुमच्याकडे राहील.

संमतीपत्राचं म्हणाल तर सही भावाची आहे. आई सज्ञान आहे, भाव तिचा कायदेशीर पालक नाही, आणि आईचे हात बांधायची परवानगी द्यायला ते हात त्याचे नाहीत. माणसाला एका जागी डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे, वाट अडवणं कलम १२६ खालचा. या संहितेने १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाची जागा घेतली, त्यामुळे कुणी तुम्हाला जुने आकडे सांगितले तर गोंधळू नका.

बांधण्याबद्दल कायद्याचा कल पाहायचा तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ वाचा. ते मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, वृद्धाश्रमासाठी नव्हे. पण जिथे बांधायला कायदाच मर्यादित परवानगी देतो, तिथल्या अटी बघा. समोर उभा ठाकलेला धोका टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरजेपुरत्याच वेळासाठी आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवून. त्यात स्पष्ट लिहिलंय की माणसं कमी आहेत या कारणाने बांधता येणार नाही. मनोरुग्णालयालाही जे चालत नाही, ते एका वृद्धाश्रमाला रात्रीच्या एका आयाच्या भरवशावर कसं चालेल? 'रात्री उठतात' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्यांना लघवीला जायचं असतं.

आता चष्मा. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र ते सगळ्यात जास्त खटकलं. मारहाण एखादा तापट माणूस करतो. आठवडेच्या आठवडे एका बाईच्या डोळ्यांवर दुसरीचा चष्मा राहतो तेव्हा अख्ख्या घरात तिच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. मी ज्या मोफत विधी सल्ला केंद्रात बसते तिथे एक आजोबा आले होते. म्हणाले, "मारलं नाही हो कुणी. फक्त घंटीची वायर काढून घेतली." तक्रार अर्जात हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं, यावर माझी आणि तिथल्या कारकुनाची बराच वेळ चर्चा झाली.

अशा न करण्याला कायद्यात जागा आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. न्याय संहितेचं कलम ३५७. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे जो स्वतःचं काही करू शकत नाही, त्याची देखभाल करण्याचा करार करून मुद्दाम ती न करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतही हे होतं, कलम ४९१, दंड दोनशे रुपये. शिक्षा आजही किरकोळ आहे आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस ठाण्यात गेलात तर एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून परत पाठवतील. तरी अर्जात हे कलम घाला. तुमच्या हातातला महिना २८ हजारांचा करारनामा इथे पुरावा म्हणून कामाला येतो.

खरा दम दुसऱ्या कायद्यात आहे आणि तो तुमच्या आईला लागू पडतो, कारण तिला पार्किन्सन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात पार्किन्सनचं नाव आहे. त्याचं कलम ९२ सहा महिने ते पाच वर्षं कैदेचं आहे. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं, तिच्या अवयवाला, इंद्रियाला किंवा आधाराच्या साधनाला मुद्दाम इजा करणं किंवा त्याच्या वापरात आडकाठी आणणं, हे त्यात येतं. म्हणून आईला दोन प्रश्न विचारा, एकटीला, शांतपणे. संध्याकाळनंतर पाणी देतात का? रात्री डायपर बदलावा लागू नये म्हणून सहानंतर पाणी बंद करायची युक्ती मी एकाहून अधिक तोंडांतून ऐकली आहे. आणि दुसरं, रात्री वॉकर कुठे असतो? पलंगाशेजारी, की कपाटावर? उत्तरं तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. तिच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून टाका, त्याने पुढचे वाद वाचतात.

याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे छळ होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारच्या खोलीतल्या आजींची मुलगीसुद्धा. कळल्यावर त्याने तो थांबवण्यासाठी पावलं उचलायची आहेत, गरज पडली तर सुटका करून सुरक्षित जागी ठेवायचं आहे. तहसीलदार आणि प्रांत यांच्याकडे हे अधिकार असतात. म्हणजे तुमच्या ओळखीच्यांनी कचेरी बरोबर सांगितली, फक्त कायदा दुसरा.

कारण २००७ च्या कायद्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. नावात 'ज्येष्ठ नागरिक' असल्यामुळे ज्येष्ठांवरच्या कुठल्याही अन्यायावर हेच औषध असं लोकांना वाटतं. पण त्या कायद्याचं तोंड घराकडे आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं, आणि मूल नसेल तर मालमत्ता मिळणारे नातेवाईक, यांच्याकडून निर्वाह मिळवून देणं हे त्याचं मुख्य काम. प्रांत दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरणावर बसतो, आणि रक्कम महिना दहा हजारांच्या आत. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी ३० दिवस. दरम्यान अंतरिम रक्कमही देता येते. मॅनेजर तुमच्या आईचा मुलगा नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध इथे फार काही हाती लागणार नाही. खासगी वृद्धाश्रमांवर आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांवर नियमन आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर झालंच नाही, लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. त्यामुळे आज आपल्याला चार कायद्यांचे तुकडे जोडत बसावं लागतं.

भावासाठी मात्र हाच कायदा. आणि हो, तुमच्यासाठीही. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, 'फ्लॅट तर त्याला दिला' हा तुमचा बचाव होऊ शकत नाही. तुम्ही निम्मे भरता आहात, त्याचे बँकेतले पुरावे जपून ठेवा.

बक्षीसपत्राची प्रत काढा. तुमच्याकडे नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळेल. ती वाचताना एकच गोष्ट शोधा. सांभाळ करण्याची अट त्यात लिहिली आहे का? याच २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दडपणाखाली झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. पण आपल्याकडच्या बहुतेक बक्षीसपत्रांत 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' एवढंच छापील वाक्य असतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं की अट होती हे दाखवल्याशिवाय हे कलम चालणार नाही. पुढे २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताने, उदार नजरेने वाचायला हवा असं म्हणत आईने दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, हेही सांगितलं. मात्र त्या प्रकरणात आईचा सांभाळ करण्याबद्दल मुलाचं वचनपत्र होतं. म्हणून 'सगळ्यांसमोर म्हणाला होता' यावर विसंबू नका. त्या वर्षातले भावाचे मेसेज, एखादं पत्र, नोटरीसमोरचा कागद, जे असेल ते शोधा. नुसत्या तोंडी शब्दावर मी तुम्हाला आशा लावणार नाही.

शिवाय बक्षीसपत्र रद्द करायचं की नाही, हे आईने ठरवायचं. कायद्याने तो पर्याय देणाऱ्याच्या हातात ठेवला आहे. तिला मुलाविरुद्ध उभं राहायचं नसेल तर तुम्ही तिच्या वतीने शूर होऊ नका. निर्वाहाचा अर्ज तिला स्वतःला जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते. ते अधिकारपत्र आत्ताच करून ठेवा. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. बँक सही जुळत नाही म्हणते ते त्यामुळेच. सही जमत नसेल तर अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून 'समजून-उमजून बोलतात' असा दाखला घ्या.

पैशाच्या अडवणुकीला ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन सेवा दिली, सेवेत कसूर झाली, बास. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, चारशे किलोमीटर हेलपाटे नकोत. ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. वर्षाचे तुम्हा दोघींचे मिळून तीन लाख छत्तीस हजार होतात. अनामत, नोटिशीचे पैसे, जखमेच्या उपचाराचा खर्च, मनस्तापाची भरपाई, सगळं तिथे मागा. 'संस्था जबाबदार राहणार नाही' अशा वाक्यावर सही असली तरी निष्काळजीपणा माफ होत नाही. निकालाला वेळ लागतो, म्हणून या तक्रारीला आईच्या सुटकेशी बांधू नका. नोटिशीची मुदत हा पैशाचा वाद आहे. त्यासाठी माणूस अडकवून ठेवता येत नाही. अडकवला तर पुन्हा कलम १२७, आणि ते दखलपात्र आहे.

संस्था नोंदवलेली कशाखाली आहे तेही बघा. नळी घालणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग असं चालत असेल तर ते नुसतं वृद्धाश्रम राहत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, आजारी आणि दुर्बल माणसांना ठेवून उपचार-शुश्रूषा देणारी जागा त्यात येते. महापालिका हद्दीत आरोग्य विभागाला माहितीच्या अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे एक प्रत.

आई 'कुणाला काही बोलू नकोस' म्हणते, त्यामागे मला व्यवहार दिसतो. तुम्ही रविवारी भांडून निघून येता. रात्री पाणी मागायचं ते तिला त्याच मावशीकडे. म्हणून क्रम असा ठेवा की आधी तिला हलवा, अर्ज नंतर. पंधरा दिवसांसाठी का होईना, रुग्णालय, तुमचं घर किंवा दुसरी जागा, जे जमेल ते. दवाखान्यात न्यायलाही अडवलं तर थांबू नका, ११२ ला फोन करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, प्रत्यक्ष जाऊन मदत करणारी माणसंही त्यांच्याकडे असतात. पोलिसांनी जबाबासाठी आईला ठाण्यात बोलावलं तर नम्रपणे सांगा की स्त्रीला, दिव्यांग व्यक्तीला राहत्या जागेबाहेर त्यासाठी बोलावता येत नाही, त्यांनी यावं. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं.

फोटो काढलेत का? जखमेशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून काढा. मूळ फोटो ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, बदलू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. आणि कृपा करून ते फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका. उघड्या माकडहाडाचा फोटो साठ नातेवाइकांनी पाहिला हे आईला कळलं तर ती जखमेपेक्षा त्याने खचेल. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही मनातल्या मनात केलेली तक्रार.

आईला बाहेर काढाल त्या दिवशी सोबत एक माणूस न्या, शक्यतो न चिडणारा. सामानाची यादी तिथेच करा आणि दोघांच्या सह्या घ्या. औषधांची मूळ चिठ्ठी, आधार कार्ड, पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड मागून घ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा हे कागद भावाकडे की संस्थेकडे हा शोध नको. कार्ड त्यांच्याकडे असेल तर पिन त्याच दिवशी बदला, आणि वर्षभराचं स्टेटमेंट काढा.

आणि तिचा चष्मा शोधून घ्या. दुसऱ्या आजींचा त्यांना परत द्या.